इंटर्नशिप तुरुंगात करायची की कोर्टाच्या व्हरांड्यात?

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार.

मी सोलापुरात समाजशास्त्रात एम. ए. करते आहे, पहिलं वर्ष. दुसऱ्या सेमिस्टरला आम्हाला चार क्रेडिटचं ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणचं प्रशिक्षण, आहे. वर्गातल्या बहुतेकांनी ओळखीच्या ठिकाणी नावं टाकली आहेत, कुणी पतसंस्थेत, कुणी ग्रामपंचायतीत. सही-शिक्का मिळाला की झालं. मला तसं करायचं नाही. गुन्हेगारीच्या समाजशास्त्राचा पेपर शिकताना पहिल्यांदा वाटलं की हा विषय मी उगाच घेतलेला नाही. मला तुरुंगात, नाहीतर पोलिसांबरोबर काम करून बघायचं आहे. पण मी एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची, विद्यार्थिनी नाही, एलएलबी नाही. मला कोण घेणार?

इन्स्टाग्रामवर एक जाहिरात आली होती : ‘क्रिमिनल सायकॉलॉजी इंटर्नशिप, घरबसल्या, प्रमाणपत्रासह, २,९९९ रुपये.’ मैत्रिणीने भरले, मी थांबले आहे. पप्पा म्हणतात, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये आणि तू आपणहून चढायला निघालीस. आई काही बोलत नाही, पण ती घाबरली आहे हे मला कळतं. शिवाय यातून पुढे नोकरी मिळते का, हेही कुणी नीट सांगत नाही.

– कोमल (नाव बदललं आहे)

प्रिय कोमल,

आधी पैशांचं. ते २,९९९ रुपये भरू नकोस. या क्षेत्रात जिथे खरं काम चालतं तिथली माणसं विद्यार्थ्यांकडून पैसे घेत नाहीत. उलट तुम्हाला प्रवासखर्च देता येत नाही म्हणून तीच अवघडलेली असतात. घरी बसून व्हिडिओ बघितल्याचा कागद उद्या एखाद्या संस्थेत दाखवलास, तर समोरची व्यक्ती तो बाजूला ठेवेल आणि विचारेल, ‘माणसांबरोबर काय काम केलंस?’ तुझ्याकडचे पैसे जाण्यायेण्याला आणि झेरॉक्सला लागणार आहेत. ते राखून ठेव.

आता तुरुंग. समाजशास्त्राच्या मुलामुलींशी बोलताना मला दिसतं की जवळजवळ प्रत्येकाला भिंतीच्या आत जायचं असतं. सरळ सांगते, दोन-तीन महिन्यांसाठी आलेल्या विद्यार्थ्याला आत काम करायला मिळणं अवघड आहे. अभ्यासासाठी आत जायचं तर पुण्याच्या कारागृह मुख्यालयाची परवानगी लागते, आणि त्या पत्रव्यवहारातच तुझं सेमिस्टर संपेल. ही अडवणूक मला सगळीच वाईट वाटत नाही. बाहेरचा माणूस तुला ‘आज नको, उद्या या’ म्हणू शकतो, नाहीतर दार लावून घेऊ शकतो. आतल्या माणसाला बोलावलं की तो येऊन बसतो. त्याने मान डोलावली याला त्याची संमती म्हणायची का, या प्रश्नाशी अनुभवी संशोधकही झगडत असतात. एम. ए.च्या पहिल्या वर्षाला, पाठीशी कुणी नसताना, तो प्रश्न तू एकटीने अंगावर घेऊ नयेस असं मला मनापासून वाटतं.

आणि तुरुंगाचं बरंचसं समाजशास्त्र तुरुंगाबाहेरच बघायला मिळतं. २०२२ सालची राष्ट्रीय आकडेवारी घे. देशातल्या कारागृहांत ५,७३,२२० माणसं होती. त्यांतली ४,३४,३०२ न्यायाधीन, म्हणजे कच्चे कैदी. चारांतले तीन. यांच्यावरचा आरोप अजून सिद्ध झालेला नाही. त्यांतले काहीजण तर जामीन मंजूर होऊनही आत बसलेले असतात. कारण कोर्टाने म्हटलेलं असतं, अमुक रकमेचा एक जामीनदार द्या. जामीनदार म्हणजे ज्याच्याकडे रेशनकार्ड आहे, सातबारा किंवा घरपट्टीची पावती किंवा पगाराची स्लिप आहे, आणि जो एक दिवसाचा रोज बुडवून कोर्टात उभा राहील असा माणूस. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या यंत्रमाग कामगाराने, ऊसतोडीवरून उचललेल्या पोराने, परराज्यातून आलेल्या गवंड्याने हा माणूस आणायचा कुठून?

१९७८ साली मोतीराम नावाच्या मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. दंडाधिकाऱ्यांनी दहा हजारांचा जामीनदार मागितला. भाऊ उभा राहिला, तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून तो नाकारला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या गवंड्याला हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्या लेखी हमीवर, सोडायला सांगितलं, आणि गरिबाला न पेलणारा जामीन मागणं कसं अन्यायाचं आहे ते निकालात खुलासेवार लिहिलं. हा निकाल तू जरूर वाच. तुझ्या पेपरमध्ये वर्ग आणि कायदा यांच्या नात्यावर जेवढं काही आहे ते सगळं त्या एका गवंड्याच्या प्रकरणात सापडेल. जामीनदाराची अडचण आजही जिल्हा कोर्टांत रोज दिसते.

म्हणून माझा पहिला सल्ला, सोलापूरच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. प्रत्येक जिल्ह्यात न्यायालयाच्या आवारातच हे कार्यालय असतं. १९८७च्या कायद्याने ते उभं राहिलं आहे. त्या कायद्याच्या १२व्या कलमानुसार स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींची माणसं आणि कोठडीत असलेली कुठलीही व्यक्ती यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. फौजदारी खटल्यांतल्या आरोपींना मोफत वकील देणारी लोकअभिरक्षक कार्यालयंही आता सुरू झाली आहेत. तिथले वकील पूर्णवेळ हेच काम करतात. आणि तुझ्या ‘मला कोण घेणार’ या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. २००९पासून विधी सेवा प्राधिकरणं पॅरालीगल व्हॉलंटियर तयार करतात. त्यासाठी वकिलीची पदवी लागत नाही. शिक्षक, अंगणवाडी सेविका, विद्यार्थी, सगळ्यांना घेतात, थोडं प्रशिक्षण देतात, आणि मग ही माणसं सामान्य माणूस आणि कोर्ट यांच्यामध्ये उभी राहतात. तिथले सचिव हे न्यायाधीशच असतात. त्यांच्या नावाने विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र घेऊन जा.

तिथे काम काय असेल? वाचायला कंटाळवाणं वाटेल असं. जामीन मंजूर झाला पण माणूस सुटलेला नाही, अशा प्रकरणांची यादी बघायची. घरच्यांचा फोन नंबर शोधायचा, तो बहुधा बंद असतो, मग गावच्या पोलीस पाटलाकडून किंवा शेजारच्या किराणा दुकानातून निरोप पोचवायचा. आधार कार्डावरचं नाव आणि आरोपपत्रातलं नाव जुळत नाही म्हणून काय अडलं ते वकिलाला नीट लिहून द्यायचं. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं ४७९ कलम आहे : याआधी कुठल्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या आणि त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढलेल्या कच्च्या कैद्याला सोडायची तरतूद त्यात आहे. इतरांसाठी ही मुदत कमाल शिक्षेच्या निम्मी आहे. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि एकाहून जास्त खटले चालू असलेल्यांना ती लागू नाही. मुदत भरली की कोर्टात अर्ज करायची जबाबदारी कारागृह अधीक्षकांवर आहे. पण मुदत भरली हे कुणीतरी कागद उघडून, अटकेची तारीख बघून, दिवस मोजून सांगावं लागतं. ही मोजदाद एखादी नीटनेटकी विद्यार्थिनी उत्तम करू शकते, आणि तिने अचूक केलेल्या वजाबाकीने एखादा माणूस घरी जाऊ शकतो. याहून मोलाचं चार क्रेडिटचं काम मला तरी माहीत नाही.

हे करताना तुझं समाजशास्त्र बंद ठेवायचं नाही. कच्च्या कैद्याच्या बायकोशी जामिनाच्या कागदांबद्दल बोलशील तेव्हा तुझ्या लक्षात येईल की घरभाडं थकलं आहे, मोठ्या मुलीची शाळा सुटली आहे, मुलाकातीला जायला दर वेळी अर्धा दिवस आणि पाचशेची नोट जाते, सासरचे म्हणतात माहेरी जा आणि माहेरचे म्हणतात तिथेच थांब. शिक्षा अजून झालेली नाही. पण घर ती भोगू लागलं आहे. इथे तुझ्या हातात एक ठोस गोष्ट आहे. राज्याच्या बालसंगोपन योजनेत अशा कुटुंबातल्या मुलांसाठी दरमहा मदत मिळू शकते. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयाकडे करायचा असतो. बहुतेक बायकांना या योजनेचं नावही ठाऊक नसतं. तो अर्ज भरून द्यायला आणि एक-दोन खेपा त्यांच्याबरोबर मारायला तुला कुणाची परवानगी लागणार नाही, तुझ्या मार्गदर्शकांना सांगितलंस की पुरे.

दुसरी जागा मुलांची. बाल न्याय कायदा, २०१५. प्रत्येक जिल्ह्यात बाल न्याय मंडळ असतं : एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यांत एक तरी स्त्री. विधिसंघर्षग्रस्त, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेलं, मूल तिथे आलं की परिविक्षा अधिकाऱ्याने (प्रोबेशन ऑफिसरने) त्याचा सामाजिक चौकशी अहवाल द्यायचा असतो. घर कसं आहे, शाळा का सुटली, मित्र कोण, कमावतं कोण. हा अहवाल म्हणजे समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने कायद्यासाठी लिहिलेलं घराचं वर्णन, असं मला नेहमी वाटत आलं आहे. तो चांगला लिहिला तर मंडळाला मुलगा दिसतो. घाईत लिहिला तर ठरलेली दोन वाक्यं दिसतात, ‘वाईट संगत’ आणि ‘पालकांचं दुर्लक्ष’. सोलापुरात आई दिवसभर विड्या वळत असेल आणि बाप दोन पाळ्यांत मागावर असेल, तर दुर्लक्ष कुणाचं? मुलगा ज्या संगतीत होता ती पोरं कुठल्या गल्लीतली, त्या गल्लीत संध्याकाळी पोरांनी जायला दुसरी कुठली जागा आहे का? हे प्रश्न तुझ्या विषयाने तुला शिकवले आहेत. परिविक्षा अधिकाऱ्यांवर कामाचा डोंगर असतो. जिल्हा बाल संरक्षण कक्षाला विचारलंस आणि महाविद्यालयाचं पत्र नेलंस, तर गृहभेटींना सोबत घेऊन जाणारा एखादा अधिकारी भेटू शकतो. एक मात्र पक्कं ध्यानात ठेव, या कायद्याच्या ७४व्या कलमाने मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे. तुझ्या वहीतही खरं नाव लिहायचं नाही, गल्लीचं नाव लिहायचं नाही, आणि वर्गात सादरीकरण करताना ‘आमच्या इथलंच प्रकरण’ असं म्हणायचं नाही. सोलापूर काही एवढं मोठं नाही.

बायकांच्या बाबतीत महाराष्ट्राचा इतिहास अभिमान वाटावा असा आहे. १९८४ साली मुंबई पोलीस आयुक्तालयात टाटा समाजविज्ञान संस्थेने, म्हणजे टिसने, महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलिसांच्याच इमारतीत, पण समाजकार्यकर्ते चालवणार, ही तेव्हा अगदी नवी कल्पना होती. आज तो कक्ष राज्यभर जिल्ह्याजिल्ह्यांत पोचला आहे. २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात सेहत ही संस्था आणि मुंबई महापालिका यांनी मिळून दिलासा केंद्र काढलं. ‘पडले’ म्हणून टाके घालायला आलेल्या बाईला तिथेच कुणीतरी विचारावं, ‘कुणी मारलं?’ तुला पोलिसांबरोबर काम बघायचं आहे ना, मग असा विशेष कक्ष, बायकामुलांच्या तक्रारींसाठीचा पोलिसांचा भरोसा सेल, किंवा अत्याचार झालेल्या बायकांना एकाच ठिकाणी मदत देणारं सखी केंद्र ही तुझी दारं आहेत. तिथे तू बाईशी थेट समुपदेशन करणार नाहीस, करूही नकोस. नोंदी नीट लावणं, बाईबरोबर आलेल्या मुलाला सांभाळणं, तिला संरक्षण अधिकाऱ्यांच्या कार्यालयापर्यंत सोबत करणं, एवढं कर. आणि बसल्या बसल्या एक बघत राहा : किती प्रकरणांत बाईला काय हवं आहे ते विचारलं जातं आणि किती प्रकरणांत ‘मिटवून टाका’ हे आधीच ठरलेलं असतं. मी स्वतः कौटुंबिक समुपदेशनात बरीच वर्षं काढली आहेत, आणि माझं मत असं झालं आहे की कुठल्याही केंद्राची पारख याच एका गोष्टीवरून करावी.

आता तुझ्या गावाबद्दल, कारण त्याच्या इतिहासाचा तू पत्रात उल्लेखच केलेला नाहीस. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने इंग्रजांनी माणसांना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं आणि काटेरी तारांच्या आत त्यांच्या वसाहती केल्या. त्यांतली एक मोठी वसाहत तुझ्या सोलापुरात होती. त्या भागाला आजही सेटलमेंटच म्हणतात. १९५२ साली तो कायदा रद्द झाला, तरी संशयाची सवय पुढे चालूच राहिली. चोरी झाली की पारध्यांच्या पालावर पहिली गाडी जाते, हे तुला सोलापुरात कुणीही सांगेल. ३ ऑक्टोबर २०२४ला सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल दिला. सुकन्या शांता या पत्रकार, त्यांनी कारागृहांतल्या जातिभेदावर शोधवार्ता लिहिल्या होत्या. त्या निकालाने जातीवरून कामं वाटणारे नियम रद्द केले, बंद्यांच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढायला सांगितलं, आणि विमुक्त जमातींना, म्हणजे त्या जुन्या कायद्यातून मोकळ्या झालेल्या जमातींना, सरसकट सराईत गुन्हेगार धरायला मनाई केली. म्हणजे १८७१पासून निघालेली गोष्ट अजून कोर्टात चालू आहे आणि तिची एक शाखा तुझ्या घरापासून सिटीबसच्या अंतरावर आहे. तुझ्या ओजेटीच्या अहवालाला ही पार्श्वभूमी दे. वस्तीत जाणार असशील तर मात्र तिथल्या संस्थेबरोबर किंवा कार्यकर्त्यांबरोबर जा, आणि काहीतरी कामाचं घेऊन जा, दाखल्यांची माहिती, मोफत वकिलाची माहिती. या माणसांची दीडशे वर्षं फक्त नोंदच घेतली गेली आहे. आणखी एक प्रश्नावली घेऊन त्यांच्या दारात उभी राहू नकोस.

तू लिहितेस, ‘मी एमएसडब्ल्यू नाही.’ हा फरक खरा आहे आणि तो झाकू नये. समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना दोन वर्षं दर आठवड्याला क्षेत्रकार्य असतं, प्रत्येक भेटीचा अहवाल लिहावा लागतो, आणि तो वाचून कान धरणारा मार्गदर्शक असतो. तुम्हा समाजशास्त्राच्या मुलांना सिद्धान्त येतो, पण रडणाऱ्या बाईसमोर किती वेळ गप्प बसायचं हे कुणी शिकवलेलं नसतं. म्हणून जागा निवडताना इमारत किंवा नाव बघू नकोस. पहिल्याच भेटीत विचार, ‘माझं काम कोण बघणार? आठवड्यातून एकदा तासभर माझ्याशी कोण बोलेल?’ ज्या ठिकाणी या प्रश्नाला एका माणसाचं नाव घेऊन उत्तर मिळेल ती जागा घे, मग ते कार्यालय एका खोलीचं का असेना. ‘या, बघू, करा काहीतरी’ असं उत्तर आलं तर आभार मानून परत ये. माझ्या लेखी हा एकच निकष बाकी सगळ्यांच्या वर आहे.

विद्यार्थ्यांच्या कामाला किंमत नसते असं वाटत असेल, तर टिसचा इतिहास वाच. १९३६ साली मुंबईच्या नागपाडा नेबरहूड हाउसमध्ये, म्हणजे वस्तीतच, ही संस्था सुरू झाली. १९९० साली तिथून प्रयास हा क्षेत्रीय प्रकल्प निघाला, जो पोलीस ठाणी, कोर्टं आणि कारागृहांत कच्च्या कैद्यांसोबत काम करतो. १९९६ साली संकटातल्या मुलांसाठीची १०९८ची चाइल्डलाइन तिथेच प्रकल्प म्हणून जन्मली. विद्यापीठाच्या वर्गात सुरू झालेला विचार सरकारी व्यवस्थेचा भाग होऊ शकतो, हे आपल्याच राज्यात घडलेलं आहे.

कामाला लागल्यावर काही गोष्टी पाळ. कुणाचा फोटो काढायचा नाही, पाठमोराही नाही. स्टेटसवर कोर्टाचं आवार टाकायचं नाही. ‘मी सोडवते तुमच्या भावाला’ असं कधीही म्हणायचं नाही. ‘वकिलांना आज विचारते, उद्या दुपारपर्यंत फोन करते’ म्हणायचं आणि उद्या दुपारी फोन करायचाच, उत्तर नसलं तरीही. या लोकांना शब्द देऊन न पाळणारी माणसं खूप भेटलेली असतात. कुणाला स्वतःच्या खिशातले पैसे द्यायचे नाहीत, कितीही आतडं पिळवटलं तरी, मार्गदर्शकांना सांगायचं. रोज रात्री वही लिहायची. एका पानावर काय घडलं, समोरच्या पानावर मला काय वाटलं. ही दोन पानं वेगळी ठेवायला शिकलीस की अर्धी संशोधक झालीस. आणि एखाद्या प्रकरणाने झोप उडाली तर ते ‘अजून मी तयार नाही’ असं समजून दडवू नकोस. विशीतल्या मुलीने पहिल्यांदा हे सगळं ऐकल्यावर झोप उडणारच. आठवड्याच्या त्या तासात ते बोलायचं. तेवढ्यासाठीच तो तास हवा.

पप्पांची म्हण मी लहानपणापासून ऐकली आहे, आणि ती त्यांनी उगाच वापरलेली नाही. ज्यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या सांगितली त्यांना कोर्टाने खरंच थकवलं होतं. त्यांच्याशी वाद घालू नकोस. विधी सेवा प्राधिकरणात पहिल्यांदा जाशील तेव्हा त्यांना बरोबर ने. त्या बाकांवर बसलेली माणसं त्यांना बघू देत. त्यांच्याच वयाची, त्यांच्यासारखीच भांबावलेली असतील. त्यांना तीन गोष्टी आधी स्पष्ट सांग : वेळ कार्यालयाची, म्हणजे साधारण अकरा ते पाच, गृहभेटीला तू एकटी जाणार नाहीस, आणि अंधार पडायच्या आत घरी. या अटी तू संस्थेलाही पहिल्याच दिवशी सांगायच्या आहेत. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ रोखणारा २०१३चा कायदा प्रशिक्षणार्थींनाही लागू आहे, तेव्हा तिथली अंतर्गत समिती कोणती, तिच्या अध्यक्ष कोण, हे विचारायला लाजू नकोस. आईला यातलं काही समजावून सांगण्यापेक्षा रोज घरी आल्यावर तिच्याजवळ बस. नावं न सांगता जेवढं सांगता येईल तेवढं सांग.

नोकरीचं खोटं चित्र मी रंगवणार नाही. या क्षेत्रातल्या पुष्कळ जागा कंत्राटी आहेत, मानधन कमी आहे आणि ते वेळेवर येईलच असं नाही. मुलांच्या आणि महिलांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्यांना स्वतःच्या हक्काचा पगार मागत फिरावं लागतं, याची मला चीड आहे. तरीही दारं बंद नाहीत. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेखालच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षांतल्या अनेक पदांना समाजकार्याबरोबर समाजशास्त्राची पदवीही चालते. संस्थांमध्ये समन्वयक, दस्तऐवजीकरण, संशोधन अशी कामं असतात आणि तिथे नीट मराठीत नीट अहवाल लिहिणारं माणूस शोधून सापडत नाही. यात रुळावंसं वाटलं तर पुढे टिसमध्ये गुन्हेगारीशास्त्र आणि न्याय या विषयात शिकता येईल, पुण्याची कर्वे समाज सेवा संस्था आहे, मुंबईचं निर्मला निकेतन आहे. किंवा एलएलबी कर. समाजशास्त्र शिकलेल्या वकिलांची जिल्हा कोर्टांना फार गरज आहे. यातलं काय, हे आज ठरवायची घाई नाही. ओजेटी झाल्यावर तुला स्वतःलाच कळेल की तुझा जीव कागदांत रमतो, माणसांत, की प्रश्नांत.

अर्ज एका पानाचा लिही, मराठीतच. कुठल्या महाविद्यालयात काय शिकतेस, ओजेटीचे तास साधारण १२० आणि तू कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत आठवड्याचे किती दिवस येऊ शकतेस ते सांग. मग तुला काय येतं ते : मराठी लिहिणं, हिंदी, कन्नड किंवा तेलुगू बोलता येत असेल तर ते आवर्जून, एक्सेलमध्ये यादी करणं, फोनवर न कंटाळता बोलणं. ‘मला कैद्यांची मानसिकता जाणून घ्यायची आहे’ हे वाक्य त्यात नको. त्याऐवजी लिही की जामीन मिळूनही न सुटलेल्या माणसांच्या कुटुंबांशी संपर्क करण्याच्या कामात मदत करायची आहे. विभागप्रमुखांचं पत्र जोड, दोन प्रती काढ, एकीवर पोच घे. टपालाने पाठवून वाट बघत बसू नकोस, स्वतः जा. सोमवारी कोर्टात गर्दी असते; मंगळवारी किंवा बुधवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर गाठ. आठ दिवसांत उत्तर आलं नाही तर पुन्हा जा, तीच पोच घेऊन. तिथे नाहीच जमलं तर बाल संरक्षण कक्ष, मग विशेष कक्ष, या क्रमाने. तिन्ही ठिकाणांहून नकार आला तर मला परत लिही, तुमच्या भागातल्या संस्थांशी मी बोलून बघेन.

– तुझी ताई